बाईंचा बुधवार चालू राहावा म्हणून

वाचकाचं पत्र, थोडक्यात (नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील काढून):

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून ६३ वर्षांच्या एका वाचकांनी लिहिलं आहे. साखर कारखान्याच्या मिल विभागात त्यांनी ३१ वर्षं फिटर म्हणून काम केलं. निवृत्तीच्या आधीपासूनच दोन्ही कानांनी कमी ऐकू यायला लागलं. मुलाने श्रवणयंत्र घेऊन दिलं, त्याने आवाज मोठा झाला, पण शब्द कळेनात. हळूहळू त्यांनी लग्नकार्यांना, गावकीच्या बैठकांना जाणं सोडलं. दीड वर्षापूर्वी त्यांना एका ओठवाचनाच्या वर्गाची माहिती मिळाली. कर्णबधिर विद्यालयातून निवृत्त झालेल्या एक बाई गेली चार वर्षं दर बुधवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत प्रौढांना समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवतात. नऊजण येतात. बाई २२ किलोमीटरवरून एसटीने येतात आणि 'विद्येचे पैसे घेत नाही' म्हणून एक रुपया घेत नाहीत. जूनपासून वाचनालयाने खोलीचे वेळेला १०० रुपये घ्यायला सुरुवात केली, तेही बाईच भरतात. मागच्या महिन्यात त्या म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत घेते, पुढचं बघू."

वाचकांचे प्रश्न असे: "आम्ही पैसे काढून द्यायचं म्हटलं तर बाईंचा अपमान होईल का? मुलगा म्हणतो, वर्गाचा नाद सोडा, आणखी चांगलं मशीन घेऊ, शिवाय मोबाइलमध्ये समोरच्याचं बोलणं लिहून दाखवणारं ॲप आहे. बायको म्हणते, तुम्ही तिकडे गप्पा मारायलाच जाता. आम्ही नऊ म्हातारी माणसं. आमच्यासाठी एवढा खटाटोप करणं बरं दिसतं का?"

उत्तर:

नमस्कार.

बाई फळ्यावर 'पोट, बोट, मोट' लिहितात आणि मग आवाज न काढता त्यातला एक शब्द म्हणतात, असं तुम्ही लिहिलंत. पत्र ठेवून मी आरशासमोर उभी राहिले आणि तसंच करून पाहिलं. ओठ मिटले, उघडले, गोल झाले. तिन्ही वेळा आरशात तेच तोंड. मग पान, मान, भान, बाण म्हणून पाहिलं. तिथेही तेच. म्हणजे प, फ, ब, भ, म हा अख्खा वर्ग ओठांवर एकसारखा दिसतो, आणि क, ख, ग, घ तर घशाजवळ होतात, बाहेर काही दिसतच नाही. या दोन अडचणींमधून वाट काढत तुम्ही दीड वर्षात नातीचं बोलणं ओळखू लागलात आणि भाचीच्या लग्नात पंगतीत बसून जेवलात. याआधी तुम्ही पार्किंगपाशी उभे राहून 'जेवण झालं' म्हणून सांगायचात, हेही तुम्हीच लिहिलं आहे. तेव्हा तुमच्या पत्नीला माझ्या वतीने एवढंच सांगा की हो, तुम्ही तिकडे गप्पा मारायलाच जाता. गप्पा मारता येणं हाच त्या वर्गाचा अभ्यासक्रम आहे.

आधी मुलाच्या म्हणण्याकडे वळते, कारण तो काळजीपोटी बोलतो आहे आणि त्याचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. यंत्र हवंच. तुमचं यंत्र किती वर्षांचं आहे हे तुम्ही लिहिलं नाही. तीन-चार वर्षांत पुन्हा तपासणी झाली नसेल तर ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओग्राम (किती ऐकू येतं याचा आलेख) काढून घ्या आणि त्याप्रमाणे यंत्र नव्याने जुळवून घ्या. ॲपही वापरा. गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब २०१९मध्ये आलं आणि त्यात मराठी आहे. बँकेत, दवाखान्यात, एकजण समोर बसून नीट बोलत असेल तेव्हा त्याचा फार उपयोग होतो. एसटी स्टँडवर किंवा सहाजण एकदम बोलत असताना मात्र ते गोंधळतं, आणि तुमचं लक्ष माणसाच्या चेहऱ्याऐवजी मोबाइलवर राहतं.

पण 'यंत्र की वर्ग' हा प्रश्नच मला पटत नाही. तुमचे कान कारखान्याच्या आवाजाने गेले आहेत. अशा नुकसानीत आधी बारीक, तीव्र आवाज जातात. साधारण ४००० हर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा पहिल्यांदा मार खातो. स्वर जाड असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, त, च, ख यांची धार मात्र त्या बारीक पट्ट्यात असते. म्हणून 'आवाज येतो पण शब्द कळत नाही' ही तुमची तक्रार अगदी अचूक आहे. तुमच्या कानाला ताट, पाट आणि खाट जवळजवळ सारखेच वाटत असणार. आता हेच तीन शब्द डोळ्यांनी पाहा. पाट म्हणताना ओठ मिटतात, ताट म्हणताना जिभेचं टोक दातांमागे दिसतं, खाट म्हणताना तोंड नुसतंच उघडतं. कानाने जे निसटलं ते डोळ्याने पकडलं. उलट पोट आणि मोट डोळ्याला सारखे, पण म मधला नाकातला घुमारा जाड असतो, तो तुमच्या यंत्रातून बऱ्यापैकी पोचतो. म्हणजे कानाला जे अवघड ते बहुतेक वेळा डोळ्याला सोपं, आणि डोळ्याला जे अवघड ते कानाला त्यातल्या त्यात सोपं. यंत्र आणि ओठवाचन एकमेकांची भर घालतात. एक घेतलं म्हणून दुसरं सोडायचं, असं हे नाहीच.

मुलाला हवं तर हेही सांगा की ओठ सगळेच वाचतात, ज्यांना उत्तम ऐकू येतं तेसुद्धा. १९७६मध्ये मॅगर्क आणि मॅकडोनाल्ड या दोन संशोधकांनी दाखवलं, की 'बा' असा आवाज ऐकवला आणि पडद्यावरचे ओठ 'गा' म्हणताना दाखवले, तर पुष्कळांना 'दा' ऐकू येतं. कान एक सांगतो, डोळा दुसरं सांगतो आणि मेंदू दोघांत तडजोड करतो. कोरोनात सगळ्यांनी तोंडाला मास्क लावले तेव्हा चांगल्या कानांची माणसंसुद्धा काउंटरवर 'काय म्हणालात?' करत होती, ते बरंचसं याचमुळे. तुम्ही वर्गात जे शिकता ते सगळ्यांकडे थोडंथोडं असतं. बाई त्याला वळण लावून पक्कं करून देतात.

आता तुमचा खरा प्रश्न. पैसे दिले तर बाईंचा अपमान होईल का?

तुम्हाला मी एक साधी गोष्ट विचारते. बाई शाळेत नोकरीला होत्या तेव्हा महिन्याच्या महिन्याला पगार घेत होत्याच ना? तेव्हा कुणाला तो विद्येचा अपमान वाटला नाही. त्याच बाई, तीच विद्या, फक्त समोर मुलांऐवजी साठीची माणसं आली आणि पगाराच्या जागी एकदम 'सेवा' आली. हे असं का होतं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. शिकवणारी बाई निवृत्त असेल, आणि शिकणारे वयस्कर किंवा अपंग असतील, तर ते काम पुण्याचं समजून आपण मोकळे होतो. आपण मनापासून आदर करतो, पाया पडतो, शाल-श्रीफळ देतो. खोलीचं भाडं मात्र तिच्याच पर्समधून जातं.

बाईंचं मन मोठं आहे यात शंका नाही. पण त्यांच्या मोठ्या मनावर एक वर्ग कायमचा उभा राहू शकत नाही. त्या फुकट शिकवतात तोवर त्यांच्या जागी दुसरं कोणी येऊही शकत नाही, ही खरी अडचण आहे. समजा, तुमच्या तालुक्यात एखादी तीस-पस्तीस वर्षांची विशेष शिक्षिका आहे. तिला हे काम शिकायची इच्छा आहे. तिला घर आहे, मुलं आहेत, हप्ते आहेत. ती फुकट येऊ शकणार नाही, आणि बाई फुकट शिकवत असताना पैसे मागायची तिला लाज वाटेल. म्हणजे बाईंच्या नकळत, त्यांच्या चांगुलपणानेच त्यांच्यामागून येणाऱ्याची वाट बंद होते. हे बाईंना समजावून सांगा. 'तुमच्यासाठी घ्या' म्हटलं तर त्या नाही म्हणतील. 'तुमच्यानंतर येणारीसाठी ही पद्धत पाडून द्या' म्हटलं तर मला वाटतं त्या ऐकतील.

हिशेब मांडूनच बघू. वर्ग दीड तासाचा. त्यासाठी वाक्यं, गोष्टी, शब्दांच्या जोड्या तयार करायला निदान दोन तास. येण्याजाण्याचे, स्टँडवर थांबण्याचे मिळून दोन तास. आठवड्याला साडेपाच तास झाले, चार बुधवारांचे २२. नऊजणांनी महिन्याला ३०० रुपये काढले तर २,७०० होतात. खोलीचे ४०० वजा केले की २,३०० उरले. म्हणजे तासाला जेमतेम शंभर रुपये. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, तरी तेही यातूनच जायचं. हा काही बाईंच्या कामाचा मोबदला झाला असं मी म्हणणार नाही. पण शून्य आणि शंभर यांत फार मोठं अंतर आहे. शंभरावर पुढे बोलता येतं, वाढवून मागता येतं, कुणापुढे तरी हिशेब ठेवता येतो.

नवांपैकी दोघांची परिस्थिती बेताची आहे असं तुम्ही लिहिलंत. त्यासाठी वर्गणी जाहीर करा पण कोणी किती दिली हे उघड करू नका. महिन्याच्या पहिल्या बुधवारी सगळ्यांनी बंद पाकीट द्यायचं. ज्याला जमेल त्याने ४०० घालावेत, ज्याला जमत नाही त्याने ५० घालावेत, आणि उघडणारा माणूस एकच, तोंडाचा पक्का. तुमच्यात निवृत्त पोस्टमास्तर आहेत असं पत्रात दिसलं, त्यांना हे काम द्या.

आणि हे पैसे तुमच्यापैकी कोणीही बाईंच्या हातात देऊ नका. तिथे खरंच अवघडल्यासारखं होईल, त्यांना आणि तुम्हालाही. वाचनालयाच्या कार्यकारिणीला भेटा. वर्ग हा वाचनालयाचा उपक्रम म्हणून नोंदवून घ्या. वर्गणी वाचनालयात जमा होईल, पावती मिळेल, आणि वाचनालय बाईंना मानधनाचा चेक देईल, सोबत लेटरहेडवर एक पत्र: 'आमच्या वाचनालयात आपण प्रौढांना ओठवाचन शिकवता.' त्या पत्राला चेकइतकीच किंमत आहे. चार वर्षं हे काम करूनही बाईंजवळ त्याचा एक लेखी पुरावा नसेल, याची मला खात्री आहे. शिवाय उपक्रम वाचनालयाचा झाला की स्वतःच्याच उपक्रमाला भाडं लावायचं का, हा विचार त्यांना करावा लागेल. वाचनालय तयार झालं नाही तर ज्येष्ठ नागरिक संघाकडे जा. गावोगावचे संघ फेस्कॉम या राज्य महासंघाला जोडलेले आहेत, त्यांच्याकडे सकाळी जागा रिकामी असते, आणि त्यांच्या सभासदांपैकी कितीतरीजणांना हा वर्ग हवा असेल.

इथेच तुमच्या दुसऱ्या समजुतीबद्दल बोलते. 'आम्ही नऊ म्हातारी माणसं.' जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे साठीपुढच्या माणसांपैकी पाव हिश्श्याहून जास्त लोकांना रोजच्या जगण्यात अडथळा येईल इतकं कमी ऐकू येतं. तुमच्या गावात साठी ओलांडलेली माणसं किती, त्यांतला चौथा हिस्सा किती, हे बोटांवर मोजून पाहा. तुम्ही नऊजण वाचनालयाचा जिना चढून वर आलात म्हणून दिसता. बाकीचे घरात टीव्हीचा आवाज वाढवून बसले आहेत, किंवा पंगतीच्या टोकाला बसून सगळ्याला हसून मान डोलावताहेत. माझे सासरे असेच होते. शेवटची सहा-सात वर्षं ते प्रत्येक प्रश्नाला 'हो, हो' म्हणत. आम्हाला वाटायचं, स्वभाव शांत झाला. मी एकदा विचारलं, "दादा, चहात साखर किती?" ते म्हणाले, "हो, हो, मजेत." त्या दिवशी मला समजलं की ते शांत झाले नव्हते, एकटे पडले होते. कानाच्या तपासणीला आम्ही त्यांना नेलं. पण असा काही वर्ग असतो, मोठ्या माणसालाही हे शिकता येतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. म्हणून तुमच्या नऊजणांचा खटाटोप बरा दिसतो का, असं विचारलंत तेव्हा मला वाईट वाटलं. तो खटाटोप माझ्या सासऱ्यांसाठीसुद्धा आहे, असं समजा.

तुमचं पत्र वाचताना तिसरी एक समजूत दिसली, ती तुम्ही प्रश्न म्हणून मांडलेली नाही. ती अशी, की बाई गेल्या म्हणजे वर्ग गेला. तसं होण्याचं कारण नाही. प्रौढांसाठी ओठवाचनाच्या वर्गांचा इतिहास पाहिला तर त्यात ज्यांचे कान गेले अशाच माणसांचा मोठा वाटा दिसतो. एडवर्ड निची यांना शाळकरी वयात ऐकू येईनासं झालं होतं. त्यांनी १९०३मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रौढांसाठी शाळा काढली. बोस्टनच्या मार्था ब्रून भाषा शिकवणाऱ्या शिक्षिका होत्या. त्यांचे कान गेल्यावर त्या जर्मनीत जाऊन म्युलर-वाले यांच्याकडे ओठवाचन शिकल्या आणि १९०२मध्ये परत येऊन स्वतः शिकवू लागल्या. लंडनमध्ये पहिल्या महायुद्धात तोफांच्या आवाजाने बधिर होऊन आलेल्या सैनिकांसाठी वर्ग निघाले. तिथे आज ओठवाचन शिकवणाऱ्या शिक्षकांना वेगळं प्रशिक्षण मिळतं आणि त्यांची स्वतःची संघटना आहे. आपल्याकडे कर्णबधिर मुलांना शिकवण्याचे अभ्यासक्रम आहेत, ते भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेने चालतात. बाईंनी त्यातलाच एखादा केलेला असणार. पण मूल भाषाच शिकत असतं, आणि तुम्ही साठ वर्षं मराठी बोललेले आहात. तुमची भाषा पक्की आहे, फक्त ती पोचण्याचा रस्ता बिघडला आहे. हा फरक ओळखून बाईंनी चार वर्षांत जी रीत बसवली, ती त्यांची स्वतःची कमाई आहे.

म्हणून तुमच्यातून एक-दोघांनी आत्तापासून बाईंच्या शेजारी उभं राहायला हवं. दर बुधवारी शेवटची पंधरा मिनिटं विद्यार्थ्यांपैकी एकाने घ्यायची. कुठलं वाक्य निवडायचं, तोंड जास्त न वासता नैसर्गिक कसं बोलायचं, अडलेल्याला शब्द न सांगता विषय कसा सुचवायचा, हे केल्याशिवाय येत नाही. तुमचं नाव मी सुचवते. तुम्ही ३१ वर्षं फिटर होता, हाताखाली पोरं तयार केली असतील. कुठला बोल्ट किती आवळायचा हे त्यांना तुम्ही पुस्तकातून शिकवलं नसेल.

बाईंच्या वह्यांचंही बघा. सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या याद्या, स्टँडवरचे संवाद, दवाखान्यातले संवाद, तुमच्या भागातल्या बोलीतली वाक्यं असं सगळं त्यात आहे, असं तुम्ही लिहिलंत. इंग्रजीतल्या याद्या आपल्या कामाच्या नाहीत. आपला ळ, आपला ण, 'सात' आणि 'साठ' मधला घोळ तिथे कुठून येणार? बाईंची परवानगी घेऊन त्या वह्यांचे फोटो काढा आणि कोणाकडून तरी टाइप करून घ्या. पहिल्या पानावर बाईंचं नाव ठळक घाला. मुलाला कामाला लावा. त्याने बाईंचे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढावेत, समोरून उजेड, चेहरा पूर्ण, एकदा आवाजासह आणि एकदा आवाजाशिवाय. ज्या बुधवारी बाईंचे गुडघे एसटी चढू देणार नाहीत त्या बुधवारी तुम्ही ते लावून सराव करू शकाल. व्हिडिओ कॉलवर वर्ग घेण्याचं मात्र मी घाईने सुचवणार नाही. नेट अडखळलं की ओठ आणि आवाज यांची फारकत होते आणि माणूस दमून जातो.

सरकारी मदतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ याच्या १८व्या कलमात प्रौढ शिक्षणात दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने सहभागी करून घेण्याची जबाबदारी शासनावर आणि स्थानिक संस्थांवर टाकली आहे. आपल्याकडे नगरपालिका, ग्रामपंचायती यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो बऱ्याचदा वस्तू वाटण्यात जातो. एखाद्या वर्गासाठी कोणी मागितला तर निदान चर्चा तरी होईल. अडचण अशी, की कायद्याच्या व्याख्येत 'ऐकण्यास कमी' म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल हानी, आणि त्यापुढे कर्णबधिर. तुमच्यातल्या काहींची हानी ५०-५५ असेल, त्यांना प्रमाणपत्र मिळणार नाही, पण सभेत शब्द कळत नाही हे त्यांचंही दुखणं आहेच. म्हणून ज्यांच्याकडे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे किंवा मिळू शकेल त्यांची नावं अर्जात पुढे ठेवा आणि वर्ग सगळ्यांसाठी खुला ठेवा. अर्ज वाचनालयाच्या नावाने करा, मागणी नेमकी ठेवा: शिक्षिकेचं मानधन, खोली, फळ्यासमोर चांगला दिवा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, १९८३पासून श्रवणदोष आणि वाचादोषांवर काम करते. तिथे पत्र पाठवून विचारा, की प्रौढांच्या ओठवाचनासाठी आमच्या भागातल्या एखाद्या शिक्षिकेला तयार कराल का. हे सगळं व्हायला वेळ लागेल. दिवाळी त्याच्यासाठी थांबणार नाही, म्हणून पाकिटाचं काम आधी.

एक गोष्ट जपून बोलायला हवी. १८८०मध्ये इटलीत मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद झाली, त्यानंतर जगभरच्या पुष्कळ शाळांनी कर्णबधिर मुलांच्या हातांची भाषा बंद पाडली आणि त्यांना ओठांकडेच बघायला लावलं. त्यात पिढ्यांचं नुकसान झालं. उद्या कोणी तुमच्या वर्गाचं उदाहरण देऊन एखाद्या जन्मतः बधिर मुलाच्या आईला 'खाणाखुणा नको, ओठच शिकव' असं सांगू लागलं, तर तुम्ही त्याला थांबवा. तुमची गरज वेगळी आहे आणि त्या मुलाची वेगळी. बाईंना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

तुमच्यासारख्याच इतर वाचकांसाठी थोडं. आधी डॉक्टरकडून कान तपासून घ्या. पुष्कळदा नुसता मळ असतो. आणि एका कानाने अचानक, एका दिवसात ऐकू येणं बंद झालं तर वाट न बघता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, त्यात उशीर महागात पडतो. जवळपास वर्ग नसेल तर घरातलं एक माणूस आणि रोजची दहा मिनिटं एवढ्यावर सुरुवात होते. चार-पाच फुटांवर समोरासमोर बसा, उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडू द्या, खिडकी त्याच्या पाठीमागे नको. त्याने विषय आधी सांगावा, म्हणजे 'आज बाजार' किंवा 'आज पाऊस', आणि मग आवाज अगदी हळू करून वाक्यं म्हणावीत. तोंडात तंबाखू, सुपारी नको. ओठांवर आलेली मिशी कापावी. ओरडू नये, ओरडल्याने तोंड वेडंवाकडं होतं आणि काहीच वाचता येत नाही. ऐकणाऱ्याने नुसतं 'काय?' म्हणू नये. जेवढं कळलं तेवढं सांगून उरलेलं विचारावं: "उद्या सात वाजता म्हणालात, की साठ रुपये?" आणि दमल्यावर थांबावं. ओठ वाचणं हे डोक्याचं मोठं काम आहे, संध्याकाळी ते जमत नाही म्हणून आपण मठ्ठ ठरत नाही. 'पंधरा दिवसांत सगळं ओठांवरून कळेल' असं कोणी सांगत असेल तर पैसे देऊ नका. सगळं कोणालाच कळत नाही. काही डोळ्यांनी, थोडं कानांनी आणि उरलेलं संदर्भाने जुळवायचं असतं.

आता परत बाईंकडे. त्या 'पुढचं बघू' म्हणाल्या. त्यामागे पैसेच आहेत असं तुम्ही धरून चाललात. कदाचित गुडघे असतील, घरात कोणाचं आजारपण असेल. चार वर्षं कोणी विचारलं नाही याचा शिणवठाही असेल. तुम्ही त्यांना विचारलंत का? पत्रात तरी तसं दिसलं नाही. नवांनी मिळून वर्गात विचारू नका, सगळ्यांसमोर त्या 'माझं काही नाही हो' म्हणतील. पुढच्या बुधवारी वर्ग सुटल्यावर तुम्ही आणि पोस्टमास्तर दोघेच स्टँडपर्यंत त्यांच्यासोबत जा. गाडीला वेळ असेल. बाकावर त्यांच्या शेजारी बसू नका, समोर बसा, त्यांच्या तोंडावर उजेड येईल असे. आणि विचारा, "बाई, तुम्हाला काय झालं म्हणजे हा वर्ग चालू ठेवावासा वाटेल?" दर बुधवारऐवजी एकाआड एक बुधवार म्हणतील. बारा आठवड्यांचा वर्ग, मग दोन महिने सुट्टी, असंही म्हणतील. किंवा त्या खरोखरच थकल्या असतील आणि थांबायचंच म्हणतील. तसं झालं तर त्यांना अडवू नका, फक्त दिवाळीपर्यंतचे बुधवार तुमच्यापैकी दोघांना तयार करायला मागून घ्या.

स्टँडवर गाड्यांचा आवाज असेल, यंत्रात सगळी घरघर येईल. घाबरू नका. त्या काय म्हणतात ते वाचायला त्यांनीच तुम्हाला शिकवलं आहे. नाही कळलं तर पुन्हा विचारा. आणि त्या काय म्हणाल्या ते मला कळवा.